काट्याबाहेरचा ऊस

दसरा झाला की परंडा तालुक्यात ऊस कुणाला घालायचा याची बोलणी सुरू होतात. सोनारीत भैरवनाथ शुगरचा कारखाना आहे. सीना-कोळेगाव धरण याच तालुक्यात आहे आणि त्याचे पाणी जिथवर पोचते तिथे ज्वारी मागे सरून ऊस उभा राहिला आहे. कारखाना जवळ आणि ऊसही जवळ, तेव्हा ऊस तिथेच जाईल असे बाहेरच्या माणसाला वाटेल. पण धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर या सगळ्या पट्ट्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत दुसरी एक वाट रुळली आहे. ती गूळ पावडरच्या कारखान्यांकडे जाते. तिथे हमीभावाची सक्ती नव्हती, हंगामाची ठरलेली तारीख नाही, अंतराची अट नाही. साखर कारखानदार म्हणतात, ही वाट बंद करा, निदान आमच्यासारखीच बांधून टाका. शेतकरी संघटनांतले बरेच जण म्हणतात, हात लावू नका. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच घाईने निकाल देण्यासारखा हा विषय नाही.

सरकारने उसाला किती बाजूंनी बांधले आहे, हे आधी पाहू. ऊस नियंत्रण आदेश 1966 सालचा. त्याखाली केंद्र सरकार दरवर्षी रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, ठरवते. 2025-26 च्या हंगामाला तो 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये होता. ऊस तुटल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज द्यायचे, असे कायदा सांगतो. महाराष्ट्रात दोन कारखान्यांत 25 किलोमीटरचे हवाई अंतर लागते. गाळपाचा परवाना लागतो आणि धुराडे कधी पेटवायचे ती तारीखही मुंबईत मंत्र्यांची समिती ठरवते. तयार साखर कुठल्या महिन्यात किती विकायची याचा कोटा दिल्लीतून येतो. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी 2019 मध्ये 31 रुपये किलो झाली आणि उसाचा दर वर्षागणिक चढत असताना कित्येक वर्षे तिथेच राहिली. निर्यातीला परवानगी हवी. इथेनॉलचेही तेच. 7 डिसेंबर 2023 रोजी, ऐन हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली आणि मग तिच्यात सवलती देत बसावे लागले.

कारखानदार खासगी असो की सहकारी, तो या चौकटीत बसलेला आहे. गूळवाला बसलेला नव्हता. एकाच शिवारातला एकच ऊस, पण तो डावीकडे वळला तर पूर्ण सरकारी नियंत्रणात आणि उजवीकडे वळला तर पूर्ण मोकळ्या बाजारात, अशी ही परिस्थिती आहे.

शेतकरी उजवीकडे का वळतो? दरासाठी, असे सरसकट उत्तर दिले जाते. ते पुरे नाही. काही हंगामांत पावडरवाल्यांनी कारखान्यापेक्षा जास्त दर दिला, तसा काही हंगामांत कमीही दिला, तरी ऊस तिकडे गेला. खरे कारण समजायला दोन एकर खोडवा असलेल्या माणसाचा हिशेब बघावा लागतो. कारखान्याची तोडणी क्रमपाळीने चालते. आधी आडसाली, मग पूर्वहंगामी, मग सुरू आणि शेवटी खोडवा. नोंद वेळेवर केली असली तरी खोडव्याची पाळी यायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. तोवर उसाला तुरा येतो, वजन घटते, विहिरीचे पाणी तळ गाठते. डिसेंबरात रान मोकळे झाले असते तर गहू किंवा उशिराचा हरभरा टाकता आला असता, तो हंगामही जातो. टोळी आली तर मुकादमाची खुशाली, वाहनचालकाची एन्ट्री असे वरचे पैसे मोजावे लागतात, आणि लहान फड असेल तर टोळी तोंड फिरवते. मग ऊस पेटवून तोडतात आणि जळीत उसाची कपात सोसावी लागते. पावडरवाला मात्र डिसेंबरात टोळी घेऊन बांधावर येतो.

ऊस गेल्यावर पैशाचा प्रश्न येतो. कारखान्याच्या बिलातून तोडणी-वाहतूक वजा होते, टनाला साधारण आठशे ते हजार रुपये. त्यानंतर सोसायटीचे पीककर्ज वजा होते. हाती उरते ते हप्त्याहप्त्याने येते. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारने तर एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभाच शासन निर्णयाने दिली होती. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तीन हंगाम मात्र त्याच पद्धतीने गेले. पावडरवाला कर्ज वजा करत नाही. आठ-पंधरा दिवसांत पैसे देतो, काही जण त्याहून लवकर. घरात लग्न निघालेले असते, दवाखाना असतो, मुलाची फी असते. टनामागे शंभर-दोनशे कमी मिळाले तरी आज मिळालेला, बिनकपातीचा पैसा त्या घराला जास्त मोलाचा असतो. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्याने एकदा ते बिल हातात घेऊन वाचावे.

दुसरे दार नसले तर काय होते, ते 2021-22 च्या हंगामाने दाखवले. त्या वर्षी राज्यात विक्रमी ऊस होता, तेराशे लाख टनांहून जास्त गाळप झाले, आणि तरीही मराठवाड्यात ऊस फडातच राहिला. सोनारीच्या काळभैरवनाथाची यात्रा चैत्रात भरते, तोवर या भागातला हंगाम एरवी आटोपलेला असतो. त्या वर्षी वैशाख सरला तरी उभा ऊस वाळत होता. सरकारने लांबच्या वाहतुकीला अनुदान दिले, उतारा घटला म्हणून टनाला दोनशे रुपये दिले, गाळप जूनपर्यंत लांबवले. गेवराई तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मे महिन्यात आपला ऊस पेटवला आणि त्याच रानात जीव दिला. त्या उन्हाळ्यात ज्यांच्या जवळपास गुऱ्हाळ किंवा पावडरचा कारखाना होता, त्यांनी पडेल त्या भावाने ऊस घालवला आणि रान मोकळे केले. पडेल तो भाव हा अन्यायच होता. पण ज्यांना तोही मिळाला नाही, त्यांचे हाल त्याहून वाईट होते.

आता कारखान्यांची बाजू. ती नुसती मक्तेदारीची ओरड म्हणून झटकता येत नाही. पहिली गोष्ट अशी की, पावडरवाला जो दर देतो तो एफआरपीच्या आधाराने ठरतो. कारखाना 3,000 देणार हे माहीत असते म्हणून तो 2,800 किंवा 3,100 म्हणतो. उद्या एफआरपी देणारा कारखानाच डबघाईला आला तर पावडरवाल्याचा दर खाली घसरू न देणारे काही राहणार नाही. दुसरी गोष्ट, ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने जे कल्याण महामंडळ आहे, त्याला कारखाने टनामागे दहा रुपये देतात आणि तेवढेच सरकार घालते. पावडरच्या कारखान्याचा ऊसही याच बीड-धाराशिवची माणसे कोयत्याने तोडतात, पण त्या टनांचे दहा रुपये कुणी मागत नाही. तिसरी गोष्ट सोसायटीची. बिलातून कर्ज कापून जाते म्हणून शेतकरी चिडतो, ते समजते. पण ती वसुलीच बंद झाली तर पुढच्या जूनला पीककर्ज कोण देणार? जिल्हा बँक आणि गावच्या सोसायट्या थकल्या की शेतकरी सावकाराच्या दारात जातो, हे धाराशिव जिल्ह्याने पुरते भोगले आहे. ढोकीचा तेरणा कारखाना वर्षानुवर्षे बंद राहिला, तेव्हा सभासद, कामगार, वाहतूकदार आणि बँक सगळेच एकदम कोलमडले. कारखाना बंद पडणे म्हणजे काय, हे इथे कुणाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

आणि मोकळ्या बाजारात बुडवणारेही असतात. एखादा पावडरवाला पहिल्या वर्षी रोख देतो, दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी देतो, तिसऱ्या वर्षी चार महिन्यांचा ऊस गाळून गाशा गुंडाळतो. कारखान्याने पैसे थकवले तर साखर आयुक्त महसुली वसुलीचे प्रमाणपत्र काढतात, जिल्हाधिकाऱ्याला गोदामातली साखर जप्त करता येते. पैसे लगेच मिळत नाहीत, व्याज तर क्वचितच हाती पडते, पण दाद मागायला दार तरी आहे. गूळवाल्याने बुडवले तर शेतकऱ्याच्या हाती वहीतले एक फाटके पान आणि बिनशिक्क्याची वजनाची चिठ्ठी उरते. त्याच्या काट्याची तपासणी कुणी कधी केली, हेही विचारता येत नाही.

हा पेच नवा नाही. सप्टेंबर 1948 पर्यंत परंडा निजामाच्या मुलखात होते आणि बार्शी 1947 पर्यंत इंग्रजांच्या. मध्ये करोडगिरीचे नाके. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजाम सरकारने धान्याची सक्तीची लेव्ही लावली. पण मोठी पेठ बार्शीला होती आणि 1897 पासून तिथे रेल्वेही होती. माल बार्शीकडे ओढला जायचा आणि नाक्यावरचा शिपाई त्याला फार काळ थोपवू शकत नव्हता. हद्दीच्या अल्याड-पल्याड एकच भाषा, एकच सोयरीक, आणि भावात मात्र फरक, अशा ठिकाणी बंदी नीट चालल्याचे उदाहरण शोधूनही सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने याहून मोठा प्रयोग केला. कापूस एकाधिकार खरेदी योजना 1972 च्या हंगामापासून राज्यभर लागू झाली. शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा; व्यापाऱ्याने घेतला तर गुन्हा. त्यामागचा हेतू चांगला होता, हे आजही मान्य केले पाहिजे. विदर्भ-मराठवाड्यातला कापूस उत्पादक दलालाच्या तावडीत होता, काट्यात आणि कडत्यात नागवला जात होता. योजनेने त्याला हमीभाव दिला, तेजी आली तर वाढीव हप्ता देण्याचे ठरवले, आणि पहिल्या काही वर्षांत तो मिळालाही. ज्या वर्षी देशात भाव कोसळले त्या वर्षी महाराष्ट्रातला शेतकरी तगला तो या योजनेमुळे.

पण योजनेत तीन गोष्टी होत्या ज्या आजच्या ऊसबिलाशी ताडून पाहाव्यात. केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा लागत आणि ग्रेडरची पाळी येईपर्यंत दिवसच्या दिवस जात. पैसे हप्त्याने येत. आणि चुकाऱ्यातून सोसायटीचे कर्ज आधी वळते होई. परिणाम व्हायचा तोच झाला. भाव बाहेर चढा असला की रात्रीच्या वेळी कापूस सेंधव्याला, पांढुर्ण्याला, आदिलाबादला जाऊ लागला. ज्याला सीमेपर्यंत जाणे परवडत नव्हते तो गावातच खेडा खरेदीवाल्याला कमी भावाने विकायचा, आणि तोच कापूस व्यापारी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर सरकारी केंद्रावर हमीभावाने घालायचा. म्हणजे गरीब शेतकऱ्यासाठी काढलेल्या हमीभावातला फरक त्याच्या नावावर तिसऱ्याच्या खिशात जात होता. शेवटच्या वर्षांत गंमत उलटी झाली असे कुणी म्हणेल, पण गमतीसारखे त्यात काही नव्हते: सरकारी भाव बाहेरच्यापेक्षा चढा ठेवल्याने शेजारच्या राज्यांतला कापूस महाराष्ट्रात शिरला आणि काही हजार कोटींचा तोटा राज्याच्या डोक्यावर बसला. 2002 च्या सुमाराला खासगी खरेदीला वाट मोकळी करून द्यावी लागली.

शेतकरी संघटनेने त्या काळात कापसाच्या भावासाठी जी आंदोलने केली, त्यातल्या सुरेगावच्या गोळीबारात 10 डिसेंबर 1986 रोजी तीन शेतकरी मारले गेले. संघटनेचे नेते शरद जोशी आधी भाव मागत होते आणि पुढे एकाधिकारच नको म्हणू लागले. माझे मत त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी जुळत नाही. एकाधिकार गेल्यावर कापसाचा शेतकरी सुखी झाला, असे यवतमाळकडे बघून कुणाला म्हणता येणार नाही. व्यापाऱ्याला मोकळीक मिळाली, पण ज्या वर्षी भाव पडले त्या वर्षी सरकारी खरेदी पुरेशी उतरली नाही. दार एकच ठेवणे जसे चुकले, तसे दुसरे दार उघडताना पहिले मोडकळीला येऊ देणेही चुकले.

उसातही आपण दार एकच ठेवून पाहिले आहे. 1984 च्या झोनबंदीच्या आदेशाने प्रत्येक कारखान्याला गावे वाटून दिली. कारखान्याने दर कमी दिला तरी ऊस त्यालाच. ती बंदी 1990 च्या दशकात उठली; 1998 मध्ये केंद्राने साखर उद्योग परवानामुक्त केला आणि खासगी कारखाने उभे राहिले. सोनारीसारख्या गावात कारखाना येऊ शकला तो या बदलामुळेच. तरी जुनी सवय जात नाही. सप्टेंबर 2023 मध्ये पाऊस ओढला, ऊस कमी पडणार असे दिसले, तेव्हा राज्य सरकारने परराज्यात ऊस नेण्यावर बंदी घातली. उमरग्याच्या, जत-शिरोळच्या शेतकऱ्याने कर्नाटकातल्या कारखान्याला ऊस घालू नये, असा त्याचा अर्थ. आठवडाभरात विरोध इतका झाला की बंदी मागे घ्यावी लागली. ऊस जास्त झाला की शेतकऱ्याने थांबायचे आणि कमी झाला की कारखान्यासाठी अडकून राहायचे, हा न्याय त्याला का पटावा?

बाहेरच्या जगातही हेच दिसते. क्यूबाने 1980 मध्ये शेतकऱ्यांचे मोकळे बाजार सुरू केले, दलाल गब्बर झाले म्हणून 1986 मध्ये बंद केले, आणि सोव्हिएत मदत आटल्यावर लोकांच्या ताटात अन्न पोचेना तेव्हा 1994 मध्ये पुन्हा उघडले. सोव्हिएत रशियात सामुदायिक शेतीवरच्या लोकांना घरामागे जो तुकडा मिळायचा, तो एकूण जमिनीच्या तीनेक टक्के होता आणि शेतीमालाचा सुमारे चौथा हिस्सा तिथून येई. यावरून सरकारी शेती टाकाऊ आणि खासगी तुकडा थोर असे काही जण ठरवतात. तेवढे सरळ ते नव्हते, कारण त्या तुकड्यावरच्या गाईची वैरण सामुदायिक शेतातून येत होती. आपल्या पावडरवाल्याचा दरही असाच कारखान्याच्या एफआरपीवर पोसलेला आहे.

केंद्राने 1 मे 2025 रोजी नवा साखर नियंत्रण आदेश काढला आणि रोज 500 टनांपेक्षा जास्त गाळप करणाऱ्या खांडसरी कारखान्यांना एफआरपी लागू केली. देशातल्या 373 खांडसऱ्यांपैकी 66 त्यात बसतात. दिशा बरोबर आहे असे मला वाटते. दिवसाला हजार टन ऊस गाळणाऱ्याने स्वतःला कुटिरोद्योग म्हणवून घेऊ नये. पण गूळ पावडर करणारा कारखाना गूळवाला की खांडसरीवाला, यावर उद्या वाद होणार हे आजच दिसते आहे, आणि 499 टनांचे दोन कारखाने शेजारी शेजारी उभे राहिले तर आश्चर्य वाटायला नको. म्हणून मर्यादेच्या वर सगळे आणि खाली काहीच नाही, अशी रेघ मारून भागणार नाही.

वजन आणि पैसे या दोन गोष्टी आकाराप्रमाणे बदलता कामा नयेत. एका काहिलीवर चालणारे गुऱ्हाळ असो की हजार टनांचा कारखाना, ऊस वजनाने घेणाऱ्या प्रत्येकाचा काटा वैधमापन विभागाने हंगामाआधी तपासलेला हवा आणि प्रत्येक ट्रॉलीची छापील पावती शेतकऱ्याच्या हातात पडायला हवी. चौदा दिवसांचा नियम सगळ्यांना हवा. मोठ्या पावडर कारखान्यांकडून त्यांच्या गाळपाच्या प्रमाणात बँक हमी घ्यावी, म्हणजे तिसऱ्या वर्षी गाशा गुंडाळणाऱ्याच्या मागे धावावे लागणार नाही. मजुरांचे दहा रुपये त्यांनीही द्यावेत. मात्र अंतराची अट, गाळपाची तारीख, गावांचे वाटप, हे कारखान्यांचे जोखड गूळवाल्याच्या मानेवर ठेवण्याला माझा विरोध आहे. ते जोखड ठेवले की दुसरे दार नावापुरते राहते. कारखान्यांना असमान वागणूक मिळते ही तक्रार खरी असेल, तर त्यांची 25 किलोमीटरची भिंत आणि महिन्याचा कोटा सैल करून ती दूर व्हावी.

यावर एक गंभीर आक्षेप पाण्याचा आहे. ऊस घेणारे जितके वाढतील तितका ऊस वाढेल, आणि ज्या मुलखात एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तिथे उसाला आणखी वाट करून देणे हा आत्मघात आहे, असे म्हणणारे लोक पर्यावरणाचा नुसता बाऊ करत नाहीत. मला हा आक्षेप सगळ्यात जड वाटतो. पण पाणी वाचवायचे तर ते धरणाच्या पाळीवर, उपसा परवान्यावर आणि ठिबकच्या सक्तीवर वाचवावे लागेल. शेतकऱ्याला उसाचे गिऱ्हाईक मिळाले नाही तर तो ऊस लावणार नाही, ही अपेक्षा 2022 मध्येच खोटी ठरली. ऊस लागला, पाणी प्यायला, आणि फडातच वाळला.

सोसायटीच्या कर्जाचा प्रश्न राहतो आणि तो सोपा नाही. पावडरवाल्याला कपातीची सक्ती केली तर शेतकरी त्याच्याहून लहान गुऱ्हाळाकडे जाईल. त्यापेक्षा वसुलीची तारीख उसाच्या हंगामाशी जुळवून घ्यावी, बिलातली कपात एकदम न करता निम्म्यावर ठेवावी आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याला स्वतः भरू द्यावी. जिल्हा बँका याला कुरकुर करतील. त्यांचीही अडचण खरी आहे, पण जे बिल घरी नेण्याजोगे उरत नाही, त्या बिलापासून माणूस दूर पळणारच.

कारखान्यांना आपला ऊस टिकवायचा असेल तर सरकारकडे न जाता करता येण्यासारखी एक गोष्ट त्यांच्याच हातात आहे. क्रमपाळी गावाच्या चावडीवर आणि मोबाइलवर जाहीर करावी, कुणाच्या फडावर टोळी कधी येणार ते नोंदीच्या तारखेनुसार दिसावे, आणि दोन एकरांच्या आतल्या खोडव्यासाठी डिसेंबर-जानेवारीत वेगळ्या टोळ्या राखून ठेवाव्यात. सोनारी-परंड्यातला लहान शेतकरी कारखान्याचा वैरी नाही. त्याला दिलेली तारीख पाळली गेली आणि चौदाव्या दिवशी पैसे खात्यावर पडले, तर शंभर रुपये कमी घेऊन दुसरीकडे जाण्याचे त्याला कारण उरत नाही.